पांढऱ्या गाडीला बिब्ब्याची फुली

८ नोव्हेंबर

फुली! नव्याकोऱ्या गाडीला बिब्ब्याची फुली!

दुपारी अकोल्याहून गाडी घेऊन आलो. मी चालवत आणली. माझा नवरा विकास शेजारी डोळे मिटून, तोंडात आवळासुपारी धरून बसलेला — गाडी लागते ना त्याला! रिसोडला आमच्या गल्लीत शिरलो तर निम्मी गल्ली ओट्यावर उभी. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ओवाळलं, चाकाशी नारळ फोडला. इथवर ठीक. मी चहा टाकायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तो काय — आई ड्रायव्हरचं दार उघडून आत वाकलेल्या. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात सुईला टोचलेला बिब्बा. दाराच्या आतल्या चौकटीवर, त्या सुंदर मोतिया पांढऱ्या रंगावर, काळीकुट्ट फुली!

“आई, हे काय केलं!”

“नजर लागते बाई. अन् दार लावलं का झाकते. कोनाले दिसते?”

मला दिसते! रोज बसताना दिसणार, उतरताना दिसणार. बिब्ब्याचा डाग कपड्यावरून जन्मात निघत नाही, तो इथून काय निघणार?

विकास हसत होता. त्याला काय! तो कॉलेजात ग्रंथपाल, स्कूटरवरही जीव मुठीत धरून बसतो. गाडी माझी आहे. माझ्या बियाण्यांच्या कारखान्याच्या कमाईतून, माझ्या हिमतीवर घेतलेली. सासूबाई रुख्मिणीबाईंनी मात्र एका फुलीत स्वतःची करून टाकली.

९ नोव्हेंबर

सकाळी थिनर लावून घासलं. फुली जशीच्या तशी. माझं बोट तेवढं उतलं — टरारून फोड! आई म्हणाल्या, “बिब्ब्याशी मस्ती करू नाही.” मी थिनरची बाटली झाकून ठेवली. बोलले असते तर फार बोलले असते.

१६ नोव्हेंबर

राग बाजूला ठेवून लिहिते — चालते मात्र सुरेख. खड्डा कळत नाही. आत बसलं की बाहेरच्या जगाचा कोणीतरी आवाज कमी केल्यासारखं.

आज पवन येऊन गेला. माझा धाकटा भाऊ, अनसिंगला असतो. सोबत योगिनी आणि त्यांची अंजू. पवन गाडीभोवती नुसता फिरत होता, टायरसुद्धा हात लावून पाहिले. “ताई, आता मलेबी हेच घ्या लागते.” अंजू मागच्या सीटवर आडवी झाली, उतरायलाच तयार नाही. खूप बरं वाटलं. बहिणीकडे बघून भावाला एखादी गोष्ट घ्यावीशी वाटते, हे आमच्या घरात पहिल्यांदाच!

२३ नोव्हेंबर

आज मेले असते.

वाशिमला निघाले होते. रिठद मागे टाकलं. रस्ता मोकळा, ऊन स्वच्छ, दोन्हीकडे तुरी फुललेल्या. माझा पाय ॲक्सिलरेटरवर. अचानक स्क्रीन लालभडक, कर्कश आवाज, आणि गाडीने स्वतःच करकचून ब्रेक मारला! समोर काही नाही. माणूस नाही, जनावर नाही, काही म्हणजे काही नाही! पट्टा छातीत रुतला. मागे कापसाचा ट्रक. त्या ड्रायव्हरने कसाबसा बाजूच्या मुरमावर घातला, म्हणून आज ही वही उघडते आहे.

तो उतरून आला. “बाई, असा ब्रेक मारते का कोनी? मेलो असतो ना आपन दोघंबी!”

“म्या नाही मारला दादा. गाडीनं मारला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. “गाडीनं,” म्हणाला, आणि मान हलवत परत गेला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून तर जास्त संताप होतो!

२५ नोव्हेंबर

अकोल्याला शोरूममध्ये. विकासला मुद्दाम नेलं — ही माझी चूक.

हरीओम नावाचा तो गोडबोल्या, ज्याने गाडी विकली. सगळं सांगितलं मी. तो ऐकत होता विकासकडे बघून! “सर, मॅडमचा पाय चुकून ब्रेकवर पडला असेल. नवीन गाडीत होतं तसं, सर.” सर! सर येताना दोनदा उलटी करून आलेले. सरांना वायपर कुठून लागतो ते माहीत नाही.

“गाडी मी चालवते. माझ्याशी बोला.”

“हो हो मॅडम, बरोबर. तर काय आहे सर…”

शेवटी म्हणाला, सॉफ्टवेअर अपडेट करतो. हा पहिलाच प्रकार आहे म्हणे, दुसऱ्या कोणाचीच तक्रार नाही. मग दार उघडलं आणि थबकला. “सर, हा डाग कसला? अशानं रंगाची वॉरंटी जाऊ शकते.”

माणसाचा जीव जाऊ शकतो ते दिसलं नाही. फुली दिसली!

४ डिसेंबर

अपडेट झालं. आता चालताचालता स्क्रीनच बंद पडते. कॅमेरा नाही, एसी नाही, किती वेगात आहोत तेही कळत नाही. बंद करून चालू केली की येते. एवढ्या महागाच्या गाडीला हा इलाज! आमचा जुना टीव्ही थापट मारली की लागायचा, तो बरा होता.

९ डिसेंबर

पुन्हा ब्रेक. या वेळी रस्त्यावर बाभळीची सावली होती. सावलीला घाबरते माझी गाडी!

१४ डिसेंबर

लिहिलं नाही तर झोप लागायची नाही.

आईंना गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवून येत होते. बाजारात गाडी उभी केली. “आई, बसा तुम्ही, मी औषध घेऊन येते.” एसी चालू ठेवला होता. मेडिकलच्या ओट्यावरून वळून पाहिलं तर गाडीचे दिवे गेलेले. जवळ आले. गाडी मेलेली. किल्लीला उत्तर नाही. दाराच्या मुठी आत गेलेल्या — त्या आपोआप बाहेर येतात, त्याचंच तर हरीओमने कौतुक केलं होतं! बाहेरून धरायलाच काही नाही.

आत आई. काचेवर तळहात. तोंड हलतंय, आवाज येत नाही. ऊन थेट काचेवर. आधी त्या ओळीने सगळी बटणं दाबत होत्या, मग दाबायच्या थांबल्या. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. ते बघणं मला सहन झालं नाही. मी किंचाळले असणार, कारण अख्खा बाजार धावत आला.

एकजण शोरूमला फोन लावा म्हणाला. लावला! “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे” — आणि गाणं! शेवटी समोरच्या धान्याच्या दुकानातून मदनसिंग काट्यावरचं लोखंडी वजन घेऊन आले. “भाभी, बाजू हटा,” म्हणाले आणि मागची काच फोडली. आईंना तिथून बाहेर काढलं. लुगडं घामाने चिंब, केसात काचेचा चुरा. पाणी पाजलं तेव्हा पहिलं वाक्य काय बोलल्या?

“मले वाटलं, म्याच काई चुकीचं दाबलं. गाडी खराब झाली का वो?”

बाजारात, सगळ्यांसमोर, मी त्यांना धरून रडले.

१५ डिसेंबर

हरीओम: “मॅडम, दारात खाली आणीबाणीची दोरी असते. पुस्तकात पान आहे.” आज मॅडमशी बोलला बरं का! काच फुटल्यावर!

सत्तरीच्या बाईने, अधू डोळ्यांनी, उन्हात शिजत असताना पुस्तक वाचायचं होतं.

विकास म्हणतो, “जाऊ दे, बोभाटा नको करू. लोक हसतील.” लोक! आई गुदमरल्या त्याचं काही नाही, लोकांच्या हसण्याची काळजी. कडाडून भांडले. पवनचा फोन आला तर त्याचं तिसरंच — “ताई, गाडी फर्स्ट क्लास हाय. तुले त्यातली सेटिंग नाही समजून राह्यली.” त्याला सांगितलं, ही गाडी घ्यायचं नावसुद्धा काढू नको, अंजूची शपथ आहे तुला. तर हसला.

१८ डिसेंबर

व्हिडिओ केला. गाडीपुढे उभी राहिले आणि आपल्या बोलीत सगळं सांगून टाकलं — ब्रेक, स्क्रीन, आई. “हे गाडी घेऊ नका. घेतली असन तर पोराबाळाईले मागं बसवू नका.” टाकला.

२१ डिसेंबर

फोन थांबत नाही! जालन्याचा एक, नांदेडचे दोघे, अमरावतीच्या डॉक्टर पौर्णिमा. सगळ्यांचा ब्रेक तसाच. सगळ्यांना “हा पहिलाच प्रकार” म्हणून सांगितलेलं! पौर्णिमाताईंना तर त्यांच्या वडिलांचा पाय चुकला असेल म्हणाले, आणि ते लष्करात रणगाडा चालवायचे! दोघी खूप हसलो.

आम्ही सगळ्यांनी मिळून तक्रार करायची ठरवली आहे. अंगात बळ आल्यासारखं वाटतंय.

५ जानेवारी

आज ते घरी आले. हरीओम आणि त्याचा मोठा साहेब. काजूकतलीचा डबा! “मॅडम, मॅडम” — विकासकडे कोणी बघेना. गाडी परत घेतो, पूर्ण किंमत देतो. फक्त व्हिडिओ काढून टाकायचा आणि तक्रारीतून नाव मागे घ्यायचं.

“आणि ही गाडी? दुसऱ्याच्या गळ्यात मारणार?”

“छे छे मॅडम! कंपनीत जाते. तिथे तिचा पार्ट न् पार्ट सुटा करतात.”

आई आतून म्हणाल्या, “घेऊन जाय म्हनाव. दारात उभी दिसते तं छातीत धडधडते मले.” त्या दिवसापासून त्या ओट्यावरसुद्धा बसत नाहीत.

७ जानेवारी

गाडी गेली. व्हिडिओ काढून टाकला, तक्रारीतलं नावही मागे घेतलं. विकास म्हणाला, सुटलो. सुटलोच तर!

१० जानेवारी

पौर्णिमाताईंचा फोन. आवाज चढवला नाही, तेच लागलं. “तुमचं झालं साधनाताई. आमचं काय? तुमचा व्हिडिओ बघून लोक थांबत होते.”

मी काय सगळ्या महाराष्ट्राचा ठेका घेतला आहे? माझी सासू कोंडली होती, मी बोंबलले, मला न्याय मिळाला. त्यांनी करावेत की व्हिडिओ! मी माझ्या घरापुरतं बघितलं तर काय बिघडलं? आता हंगामाचं काम समोर आहे, माझ्याकडे वेळ नाही.

हे सगळं त्यांना बोलले नाही. इथेच लिहिते आहे. लिहिलं तरी पटत नाही, त्याचाही रागच येतो!

२९ जानेवारी

साधी, छोटी गाडी घेतली. काही दाखवत नाही, काही बोलत नाही, ब्रेक मी दाबला की लागतो. आई पुढे बसल्या. हातात बिब्बा होता. मी स्वतः दार उघडून धरलं.

१२ फेब्रुवारी

पवनचा फोन. त्यानेही गाडी घेतली! “कोनती?” तर म्हणे, “काळी हाय. बाकीचं आल्यावर पाह्य. मावशीच्या हातानं ओवाळून घ्या लागते.” आईंना तो मावशी म्हणतो. रविवारी येणार सगळे. अंजू मागून ओरडत होती, आत्या, आम्ही येऊन राह्यलो! पुरणपोळी करावी.

१५ फेब्रुवारी

तीच गाडी. काळी, नंबरच्या जागी नुसता कागद. अनसिंगहून इथवर पवनने चालवत आणली, मागे पट्टा लावून अंजू.

“तुले सांगतलं होतं ना म्या!”

“तूच तं व्हिडिओ काढून टाकला ताई. मंग म्या समजलो, भानगड मिटली. अकोल्यालेच भेटली. थोडी चालेल हाय, पन एकदम नव्यासारखी.”

आई दिवा घेऊन पुढे झाल्या. ड्रायव्हरचं दार उघडलं, वाकल्या, आणि तशाच राहिल्या.

बाहेरून काळी. आतली चौकट पांढरी. पांढऱ्यावर फुली.

अंजूला उचलून घरात आणलं आहे. किल्ली माझ्या मुठीत. पवन अंगणात ओरडतो आहे. पौर्णिमाताईंना फोन लावला. विकास माझा दुसरा फोन व्हिडिओसाठी धरून गाडीसमोर उभा आहे, न सांगता. हे लिहून बाहेर जाते.

मघाशी मी ते दार लावायला गेले तर आईंनी हात धरला.

“राहू दे उघडं. दिसू दे साऱ्याईले.”