बिस्किटाच्या डब्यातला मिक्सर

मी, रेडिओ दुरुस्तीवाल्याची बायको, वय ब्याऐंशी, शाळा दुसरीपर्यंत, डोकं ठिकाणावर (डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी सोबत जोडली आहे), कोणाच्याही दडपणाशिवाय आणि अगदी आनंदात हे लिहिते. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा रद्द करायलाही काही नाही. माझे कैलासवासी पती यांना पुढे 'हे' असं म्हटलं आहे, कारण आयुष्यभर तेच म्हटलं.

राहत्या दोन खोल्या मुलगा आणि मुलगी यांना निम्म्यानिम्म्या. मध्ये भिंत घालायची नाही. बँकेत जे असेल ते सुनेला. तिने मला "आई, तुम्ही नुसत्या बसा" असं एकदाही म्हटलं नाही.

सोल्डरगन आणि बिस्किटाच्या डब्यातला मिक्सर नातीला. मिक्सर म्हणजे वाटणाचा नव्हे. चार माइकांचे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारा. त्याचा इतिहास इथे लिहिणं भाग आहे, कारण चाळीस वर्षं तो चुकीचा सांगितला जातोय.

नाटकवाल्यांना मिक्सर हवा होता. विकतचा घ्यायची ऐपत ना त्यांची, ना आमची. मग ह्यांनी आणि धाकट्या दिराने चार माइकांना चार बटणं लावली आणि सगळ्या तारा एका जागी जोडल्या. एकाचा आवाज बंद केला की चारही गप्प! तीन दिवस भाऊ भाऊ एकमेकांवर खेकसत होते. मी तिथेच फडकं मारत होते. म्हटलं, "अहो, हे आपल्या नळासारखं झालं. खालच्यांनी तोटी सोडली की वर ठणठणाट. नळवाल्याने प्रत्येक नळात बारीक भोकाची चकती बसवली, तेव्हा सगळ्यांना पाणी आलं. तसा प्रत्येक तारेत एकेक रेझिस्टर घाला ना, जोडायच्या आधी."

दीर म्हणाला, "वहिनी, ही वीज आहे. पाणी नाही."

हे म्हणाले, "घालून तर बघू."

चारही रेझिस्टर मी माझ्या हाताने डागले. तपकिरी, काळा, नारिंगी पट्ट्यांचे. एक माइक बंद केला, बाकीचे तीन खुशाल बोलत राहिले! प्रयोगाच्या दिवशी मात्र दिराने स्टेजवर जाऊन सांगितलं, "युक्ती माझी," आणि हार घालून घेतला. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फक्त त्याचा चहा त्या दिवसापासून बिनसाखरेचा झाला.

ह्यांचा मल्टीमीटर, ज्यावर दिराचा कधीपासून डोळा आहे, तो दिराला. पण या कागदावर दुसरा साक्षीदारही मला तोच हवा, वरचा इतिहास वाचून. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. एक काय ते ठरवा." म्हटलं, त्यालाच ठरवू दे. सही केली तर मीटरही नातीला.

ठिकाण : खिडकीजवळचं टेबल
दिनांक : ११ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी दहा
सही : (जोडाक्षर बिघडलंय, पण माझीच)

साक्षीदार पहिली : शेजारची शिंपीण. सही.

साक्षीदार दुसरा : धाकटा दीर. "वाचलं. युक्ती वहिनीची. मीटर नातीला द्या." सही.

सह्या झाल्यावर लिहिलेलं, म्हणून मृत्युपत्राचा भाग नाही : मी अजून जिवंत आहे, आणि जिवंतपणी आपली वस्तू कोणालाही देता येते, हे वकीलबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. मीटर पिशवीत घालून आत्ताच दिराच्या हातात दिला. नातीनेच पिशवी धरली. चहात दोन चमचे साखर घातली. घोट घेऊन म्हणतो, "वहिनी, फार गोड झाला हो."

सगळा प्यायला.