गुरुवारी दोन ते तीन

३ तारीख, मंगळवार

दंडाची नोटीस! मला! एकवीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. काटा पन्नासचा एकावन्न झाला तर स्वतःलाच चार शब्द सुनावतो. आणि मला नोटीस – 'वेग ताशी एक्क्याऐंशी, मर्यादा पन्नास.' गाडी नंबर दोन. म्हणजे टपावर 'शिकाऊ'ची पाटी असलेली! ती पाटी मिरवत एक्क्याऐंशी! तळ्याकडचा रस्ता, गेल्या महिन्याची २२ तारीख, गुरुवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

हसण्यावारी नेलं असतं, पण वर्षातला हा तिसरा गुन्हा. पहिला एका विद्यार्थ्यानं सिग्नल तोडल्याचा. दुसरा माझाच, चुकीच्या जागी गाडी लावल्याचा, पण तो धरायलाच नको होता, पाटी झाडामागे होती. तीन झाले की ड्रायव्हिंग स्कूलची परवानगी जाते. मग मी काय करू? मला दुसरं काही येत नाही.

तिथल्या तिथे हरकतीचा अर्ज भरला. 'गाडी त्या वेळी उभी होती. कॅमेऱ्याची चूक.' ठणकावून लिहिलंय. सुनावणी १७ला.

४ तारीख, बुधवार

वेळापत्रकाची वही काढली. २२ तारीख, गाडी दोन, दोन ते तीन – रिकामं. त्याआधीचे तीन गुरुवारही, दोन ते तीन, रिकामेच. आता आली का पंचाईत! गाडी दोन हसऱ्याकडे असते.

हा हसरा माझ्याच हाताखाली तयार झाला. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, तेही मी दाखवलंय. तीन वर्षांपूर्वी नोकरीवर ठेवला, आणि आता फोन येतात ते असे – "हसतात ते सर आहेत का? नाहीत? मग पुढच्या आठवड्यात येते." मी समोर बसलेलो असतो! काल एक बाई तोंडावर म्हणाली, "तुम्ही ओरडता हो." ओरडतो! माणसाचा जीव वाचावा म्हणून ओरडतो. पोटात दुखतं माझ्या त्याला बघून. इथे लिहायला कसली लाज?

विचारलं त्याला. म्हणाला, "दोन ते तीन मी जेवतो, सर."

"तासभर?"

"सावकाश जेवतो." आणि हसला. पण नजर काही वर केली नाही.

५ तारीख, गुरुवार

वाहतूक ऑफिसात जाऊन कॅमेऱ्याचा फोटो मागितला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मागून काढलेला आत्ता देते. समोरून काढलेला सुनावणीत, साहेबांपुढे." घेतला. बाहेर पायरीवर बसून बघितला.

कॅमेरा चुकलेला नाही. गाडी माझी, पाटी माझी. मागच्या काचेतून चालवणारीचं डोकं दिसतं. अंबाडा. अंबाड्यात आडवी खोचलेली पेन्सिल.

आमची ही कपड्यांच्या कारखान्यात कागदी नमुने कापते. दिवसभर पेन्सिल अंबाड्यात. घरी येते तरी तिथेच, मग मला विचारते, पेन्सिल बघितली का. आणि गुरुवारी त्यांच्या मशिनी दुरुस्तीला असतात, बारालाच सुटते. "दुपारभर काय करतेस?" तर म्हणे, "झोपते."

पण हिला गाडी येत नाही! अकरा वर्षांपूर्वी मीच शिकवायला घेतली होती. चौथ्या दिवशी भर चौकात इंजिन बंद पाडलं. मी ओरडलो, जरा जास्तच ओरडलो. तशीच दार उघडून उतरली, मागे हॉर्न वाजतायत, आणि चालत घरी गेली. पुन्हा म्हणून स्टिअरिंगला हात लावला नाही.

शेजारच्या सीटची पाठ उंच आहे, तिथे कोण बसलंय ते दिसत नाही. पण शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. विद्यार्थी साठवर गेला की पाय आपोआप खाली जातो. मी तर घरी खुर्चीत बसूनसुद्धा दाबतो. आणि फोटोत ब्रेकचा लाल दिवा लागलेलाच नाही! एक्क्याऐंशीवर! म्हणजे शेजारी जो बसलाय तो इतका गुंगलाय की पायाला आठवणच नाही. बघतोय काय तो? कोणाकडे?

६ तारीख, शुक्रवार

जेवलो नाही. "पोट बिघडलंय का?" म्हणाली. हो म्हटलं.

८ तारीख, रविवार

लक्ष ठेवून आहे. भाजी चिरताना गुणगुणते. कधीपासून? टॅक्सीनं बाजारात गेलो तर पुढच्या गाडीवर करवादली – "अरे, वळण्याआधी दिवा दे ना!" वळताना दिवा द्यावा लागतो हे हिला कोणी सांगितलं? मी सांगितलं तेव्हा तर डोळ्यांतून पाणी काढलं होतंस!

हसऱ्याचा विषय मुद्दाम काढला. म्हणाली, "चांगला आहे हो मुलगा. शांत आहे." शांत! तो हिला 'वहिनी' म्हणतो. वहिनी, म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली. मी आमटी ओरपत बसलो.

नोटिशीचं पाकीट दिसलं तिला. "कसलं पत्र?" विम्याचं आहे म्हटलं.

१० तारीख, मंगळवार

केलं एकदाचं. नियम असा की गाडी कोण चालवत होतं ते लिहून दिलं तर गुन्हा त्याच्या लायसन्सवर जातो, स्कूल वाचतं. त्या रकान्यात हसऱ्याचं नाव लिहिलं. खाली माझी सही.

त्याचा शिकवण्याचा परवाना वर्षभर जाईल. जाऊ दे! परतल्यावर त्याला सांगितलंही, तोंडावर. वाटलं चिडेल, नाही म्हणेल, काहीतरी फुटेल तोंडातून. तर म्हणाला, "चालेल, सर."

११ तारीख, बुधवार

चालेल! काय चालेल? कोणासाठी चालेल? माझ्या बायकोसाठी हा वर्षभर घरी बसायला तयार आहे – आणि मी तिला आजवर काय दिलं? भर चौकात तमाशा.

१४ तारीख, शनिवार

सकाळी विचारणारच होतो. चहाचा कप खाली ठेवला, घसा साफ केला. ती म्हणाली, "साखर कमी झाली का?" नाही म्हटलं. विषय संपला.

१७ तारीख, मंगळवार

सगळं लिहून काढतो, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन.

सुनावणीच्या खोलीत पोचलो तर बाकावर ही. शेजारी दोन हात अंतर सोडून हसरा, मान खाली. साहेबांनी नाव पुकारल्यावर ती उठली, पर्समधून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. "गाडी मी चालवत होते. यांचा काही संबंध नाही." लायसन्स चार महिन्यांपूर्वीचं. हिचं! फोटोत केस नीट विंचरलेले.

साहेबांनी समोरचा फोटो आमच्याकडे वळवला. मी आधी शेजारची सीट बघितली. रिकामी. कोणीही नाही. ब्रेक दाबायला तिथे पायच नव्हता, आणि मी बारा दिवस त्या सीटवर माणूस बसवत होतो! मग तिच्याकडे बघितलं. तोंड उघडं, मान किंचित मागे, खळखळून हसतेय. एकटी. माझ्यासमोर अशी हसल्याचं मला आठवत नाही. आणि खोटं कशाला लिहू, त्या क्षणी हसऱ्यावर जळत होतो त्याहून जास्त जळलो. माणूस असता तर भांडलो असतो. रस्त्याशी काय भांडायचं?

हसरा पुटपुटला, "वहिनींचं शिकून कधीच झालंय, सर. हल्ली गुरुवारी तासभर नुसती गाडी देत होतो. तुम्हाला विचारायची हिंमत झाली नाही. तुम्ही माझं नाव दिलंत, तेव्हा वहिनींना सगळं सांगितलं."

साहेबांनी विचारलं, एवढी घाई कुठे होती? ती म्हणाली, "कुठेच नाही. तळ्यापर्यंत जाऊन परत. रस्ता मोकळा होता. चूक झाली."

नवं लायसन्स, म्हणून सहा महिने जप्त. वर दंड. स्कूल वाचलं. खोटं नाव लिहून दिल्याबद्दल मला लेखी ताकीद. हसरा म्हणाला, "सर, चारचा विद्यार्थी थांबलाय. मी जाऊ?" जा म्हटलं. त्याच्याकडे बघवलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मीच आवाज चढवला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शेजारी येऊन बसला असता."

टेबलावरचा मागचा फोटो तिनं बघितला होता. "तो फोटो तुम्हाला कधी मिळाला?"

"पाच तारखेला."

"म्हणजे मी आहे हे तुम्हाला पाच तारखेपासून माहीत होतं. आणि दहाला तुम्ही त्याचं नाव लिहिलंत. का, तेही मला कळतंय. पण मधले पाच दिवस मी तुमच्या समोर जेवत होते. एकदा विचारायचं होतंत."

पार्किंगपर्यंत ती पुढे, मी मागे.

१८ तारीख, बुधवार

भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

२२ तारीख, रविवार

हिला तिच्या ताईकडे सोडून आलो. चाळीस किलोमीटर. दोन बॅगा, शिवाय नमुने कापायचं टेबल घडी करून. तिकडच्या कारखान्यात काम मिळालंय, मला काल कळलं. सगळा रस्ता पन्नासच्या आत चालवली, तरी लवकर संपला. दारात विचारलं, "न्यायला कधी येऊ?" म्हणाली, "तुम्ही येऊ नका. सहा महिन्यांनी लायसन्स मिळेल. यावंसं वाटलं तर मीच येईन, चालवत."