दोन पाण्यांचा सभासद

किलकेनी (आयर्लंड), ११ मे २०२५

ती. अप्पांना आशिषचा साष्टांग नमस्कार, रागात असाल तरी घ्यावा.

पैसे भरून मासे धरायला जातो, यात एवढं येड्यासारखं काय आहे ते एकदा नीट सांगा. परवा फोनवर तुम्ही म्हणालात की भोयांच्या सात पिढ्यांत असला नग निघाला नाही, आणि मी तोंड उघडायच्या आत ताईनं फोन काढून घेतला. तुम्हाला फोनवर निम्मं ऐकू येत नाही, उरलेलं निम्मं तुम्ही ऐकत नाही. म्हणून आता कागदावर भांडतो. सुरेखाताई वाचून दाखवेल. ताई, मधलं काही गाळायचं नाही.

आमचं हॉटेल सोमवारी बंद असतं. मागल्या वर्षी इथं आलो तेव्हा सोमवार खायला उठायचा. हॉटेलात यशोधन म्हणून एक पुण्याचे गृहस्थ जेवायला येतात. डब्लिनकडं चेरीवूडला कंप्युटरच्या ऑफिसात आहेत, बायको इथल्या दवाखान्यात डॉक्टर, म्हणून घर इथं. आपल्या धरणाचं नाव निघालं, मी भोई आहे म्हणालो, तर ते मला उचलून नोर नदीवर त्यांच्या मासेमारीच्या क्लबात घेऊन गेले. त्यांच्याकडचं सामान बघितलं तर तेवढ्या पैशात आपण आख्खी होडी घेऊ. मासा मात्र त्यांना महिन्यातून एखादा लागतो, आणि तेवढ्यावर माणूस खूश असतो.

मासा ट्राउट. हातभर सहसा नसतो, वीतभर असतो, अंगावर तांबडे ठिपके. जाळं चालत नाही, गांडूळ चालत नाही. पिसाचा आणि दोऱ्याचा खोटा किडा करायचा आणि तो खऱ्या किड्यासारखा पाण्यावर अलगद ठेवायचा. मासा वाहत्या पाण्याकडं तोंड करून उभा असतो, म्हणून आपण त्याच्या मागं, खालच्या अंगाला उभं राहायचं. सावली पाण्यावर पडली की संपलं. आत्ता मे महिन्यात पाण्यातून मोठ्या पंखांचे किडे वर उठतात, तेव्हा म्हणे गाढवालासुद्धा मासा लागतो. मला दोन लागले.

आणि हो, धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा असतो, म्हणून हाताळायच्या आधी हात पाण्यात भिजवायचा. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर लागून येतो आणि सोडल्यावर तो आजारी पडतो. हे वाचून तुम्ही हसणार, मला माहीत आहे. हसा. पण सोडतो ते खरं.

ताईला आणि दाजींना नमस्कार. राग ठेवा, पण त्याच्या बाजूला थोडी माया पण राहू द्या.

तुमचा
आशिष



भिगवण, २८ मे २०२५

चि. आशिष यास अप्पांचे आशीर्वाद. (अप्पा बोलतील तसं लिहितेय. सुरेखा.)

आश्या, पत्र पोचलं. सुरेखानं दोन डाव वाचलं. हात भिजवायचा म्हनं! आमी जलमभर हात मातीत घासून कोरडा केला, तवा कुठं मरळ हातात टिकली. पोटासाठी धरला तर मासा काय म्हनत न्हाई. गंमत म्हनून टोचायचा, वर त्याच्या तब्येतीची काळजी करायची, ही कुठली रीत? आन ह्याचं पैसं भरायचं. शेजारचा मोहन परवा इचारत हुता, पोरगं काय करतं. म्या सांगितलं हॉटेलात हाय. ह्ये दुसरं सांगितलं न्हाई.

आता कामाचं. माझं गुडघं गेलं. आपल्या मच्छीमार सोसायटीचा नवा नेम झालाय, ज्याचं नाव त्यानं सोता पान्यात गेलं पायजे, नुसतं नाव लावून घरी बसायचं न्हाई. माझ्या जागी तुझं नाव घालायचं हाय. श्रावन संपल्यावर सभा हाय, तिला तू हजर पायजे आन सभेनंतर हितंच पायजे. न्हाई आलास तर आपली सभासदाची जागा दुसऱ्याला जाती. माझ्या बापानं धरनाचं पानी चढताना घर सोडलं, तवा ही जागा मिळाली. ती तुझ्या खेळापायी घालवू नगस.

हितं सगळी बरी. तिकडं तब्येत जप.

अप्पा

भाऊ, आता माझं. अप्पा झोपलेत. अक्षराला हसू नकोस, बोटं चिरलीत. नायलॉनची दोरी ओली झाली की सुरीसारखी लागते. तू पहिलीपासून माझ्यापेक्षा घाण काढायचास, तेव्हा तुला बोलायचा हक्क नाही. दोन लागले म्हणतोस, पण एकाचाही फोटो नाही पाठवलास. आम्ही काय समजायचं?

सुरेखा



किलकेनी, १६ जून २०२५

ती. अप्पांना साष्टांग नमस्कार. ताईला नमस्कार, बोटांना हळद.

सभेचं कळलं. मी येईन असं लिहीत नाही आणि येणार नाही असंही लिहीत नाही, कारण इथंच माझा पाय टिकेल का ते आधी कळू दे. घडलं ते सांगतो.

कालच्या रविवारी क्लबानं मुलांचा दिवस ठेवला होता. गावातली दहाबारा पोरं, त्यांना गळ फेकायला शिकवायचं. मी सँडविच वाटायला होतो, पण क्लबाच्या सेक्रेटरी मॉरीनबाईंनी मलाही एक पोरगी दिली शिकवायला. ऊन लख्ख, पाणी काचेसारखं. असल्या उन्हात ट्राउट सावलीला जाऊन बसतो, किड्याकडं बघत नाही. पोरीनं तास-दीड तास दोरी फेकली. शेवटी ती रडायला लागली. तिच्या आईनं तिला समजावलं की मासा लागला नाही तरी ग्रॅण्ड, म्हणजे झकास आहे. इथं सगळंच ग्रॅण्ड असतं, घर जळालं तरी.

मला राहवलं नाही. काठाला एका झाडाची मुळं पाण्यात उतरली होती. मी पालथा झोपलो, बाही वर केली आणि तुम्ही मला शिकवलं तसा हात मुळांखाली घातला. घाई नाही. बोटं वर, पोटाखालून गुदगुल्या केल्यासारखी, कल्ल्यापर्यंत. मासा हातात आला तसा उचलला आणि उभा राहून सगळ्यांना दाखवला. अप्पा, मला वाटलं टाळ्या पडतील.

पोरांनी वाजवल्या. मोठ्यांतलं कुणी हललं नाही. मॉरीनबाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की आधी तो पाण्यात सोड. मग त्यांनी सांगितलं की हातानं मासा काढणं इथं चोरी समजतात. त्यांच्या आजाच्या काळी यासाठी माणसं कोर्टात उभी केली होती. आणि मी ते मुलांच्या देखत, क्लबाच्या पाण्यात, क्लबाची टोपी घालून केलं. यशोधनरावांचा चेहरा पडला. गाडीत त्यांनी एवढंच विचारलं की तुला कुणी नियमांचा कागद दिला नव्हता का. दिला होता. मी तो वाचला नव्हता. इंग्रजी वाचायला लागलं की माझे डोळे आपोआप खिडकीकडं जातात, हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे.

जुलैच्या सुरवातीला कमिटी बसणार. काढून टाकतील बहुतेक. मी तोवर थांबणार नाही असं मनात आहे. कॉर्कला एका हॉटेलात माणूस हवा आहे, परमिटचं ते बघतो म्हणतात. स्वोर्ड्सला विमानतळाजवळ होतो, तिथून उठलो, चेरीवूडच्या कँटीनातून उठलो, हे तिसरं.

ताई, एक विचारायचं राहिलं. अप्पांचे गुडघे गेले, दाजी टेंपोवर. मग नायलॉनची दोरी तुझ्या बोटांना कशी लागली? धरणावर कोण जातं?

नमस्कार पोचता करतो, उत्तराची वाट बघतो.

आशिष



भिगवण, २९ जून २०२५

चि. आशिष यास आशीर्वाद.

आश्या, हात इसरला न्हाई म्हनायचा तू. म्या शिकवलं तवा आठ वर्साचा हुतास, दोनदा पान्यात पडलास. बरं वाटलं.

पर चूक तुझी हाय. दुसऱ्याच्या पान्यात त्याच्या रीतीनं ऱ्हायचं. हितं पावसाळ्याच्या बंदीत कुनी जाळं टाकलं तर आपुन काय करतो? त्याची दोरी कापतो. त्यांनी तर नुसतं हळू आवाजात सांगितलं. जा आन माफी माग, टोपी काढून माग. कॉर्क का फिर्क तिकडं जायचं न्हाई. पळून गेलेल्याचं तोंड दुसरं गाव पन वळखतं.

आन त्यांनी काढलंच तर बरंच झालं. शीदा घरला ये. सभा हाय.

अप्पा

भाऊ, अप्पांनी वरच्या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या, मी तशाच लिहिल्या. माफी मागून तिथं राहायचंस की हाकलून घेऊन इथं यायचंस, हे त्यांनाही माहीत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. दिवाळीपासून मी जाते. अप्पा होडीत बसून वल्हं धरतात, जाळं मी टाकते, मी ओढते. पहिल्या आठवड्यात चिलापीचे काटे हाताला असे रुतले की भाकरी थापता येईना. आता कुठं खोल आहे, कुठं बाभळीची जुनी खोडं आहेत, जाळं कुठं फाटतं, ते पाठ झालंय. बाजारात तुझे दाजी विकतात. लोकांना सांगायचं अप्पाच जातात. आता बंदी आहे तर मी जाळं विणत बसलेय.

सोसायटीत बायका नाहीत असं नाही. दोन विधवांची नावं आहेत. पण अप्पा म्हणतात, पोरगा जिवंत असताना पोरीचं नाव घातलं तर लोक समजतील पोरगा गेला. बोलायचं काय त्यात. तू ये बाबा, तुझं नाव लाव. आठवड्यातून दोन दिवस मला होडीत घेतलंस तरी पुष्कळ.

फोटो अजून आला नाही. त्या दोन माशांवर आता माझा बिलकूल विश्वास नाही.

सुरेखा



किलकेनी, १४ जुलै २०२५

ती. अप्पांना साष्टांग नमस्कार. सुरेखाताईस नमस्कार. ताई, हे पत्र अप्पांसमोर मोठ्यानं वाच आणि तुझं नाव आलं की थांबू नकोस.

कॉर्कला गेलो नाही. सात तारखेला कमिटी बसली. पबच्या वर एक खोली आहे, खाली दंगा, वर आम्ही अकरा माणसं. मी टोपी काढली. माफीचं इंग्रजी यशोधनरावांनी पाठ करून घेतलं होतं, ते निम्मं विसरलो, मग माझ्या पद्धतीनं सांगितलं की वडिलांनी शिकवलेलं पोरीला दाखवायला गेलो, तुमचा नियम वाचला नव्हता, चूक माझी. एकानं विचारलं की या नदीत आणखी कधी हातानं काढला आहेस का. नाही म्हणालो. ते खरं आहे.

निकाल असा लागला की या वर्षी मी गळ हातात घ्यायचा नाही. पण क्लबातून नाव काढलं नाही. कामाच्या दिवसांना मात्र यायचं. या क्लबात कामाचे दिवस असतात. काठावरची झुडपं तोडायची, पाण्यातला कचरा काढायचा, वरून गुरं नदीत उतरू नयेत म्हणून तारा ओढायच्या. जो या दिवसांना येत नाही त्याचं नाव राहत नाही, मग तो कुणी का असेना.

कुणी का असेना, हे त्याच बैठकीत बघितलं. माझ्यानंतर डेक्लन म्हणून एकाचं नाव निघालं. तो मॉरीनबाईंचा सख्खा भाऊ. त्यांच्या वडिलांनी क्लब काढला, तिथं भिंतीवर त्यांचा फोटो आहे. डेक्लन डब्लिनला राहतो, तीन वर्षं एकाही कामाच्या दिवसाला आला नाही, वर्गणी मात्र न चुकता पाठवतो. मला वाटलं त्याला हात लावणार नाहीत. मॉरीनबाईंनी स्वतः नाव वाचलं आणि काढण्याच्या बाजूनं पहिला हात स्वतःचा वर केला. नंतर खाली उतरताना मी त्यांना विचारलं की भाऊ रागावेल का. त्या म्हणाल्या, रागावेल, नाताळला बोलणार नाही, ईस्टरला बोलेल.

शनिवारी पहिल्या कामाच्या दिवसाला गेलो. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून एक पडकं झाड ओढलं. दोरी ओली झाली आणि माझी बोटं चिरली. ताईनं लिहिलं होतं सुरीसारखी लागते, ते खरं आहे. मी एक दिवस ओढली. ती दिवाळीपासून ओढते.

अप्पा, सोसायटीचा नेम तुम्हीच मला लिहून पाठवलात. ज्याचं नाव त्यानं पाण्यात गेलं पाहिजे. मी जात नाही. मी आलो तरी किती दिवस राहीन, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. भिगवणहून मी उठलो तेव्हा माझ्या हातात जाळं होतं, ते मी काठावर टाकून गेलो होतो. तुमच्या होडीत आज कुणाचे हात आहेत, हे चेअरमननी भर सभेत विचारलं तर तुम्ही खोटं बोलणार नाही. तुम्ही कधी वजनात खोटं बोलला नाहीत.

म्हणून लिहितो. माझ्या वाट्याची जागा मी सोडतो. तसं वेगळ्या कागदावर मराठीत लिहून सही केली आहे, साक्षीला यशोधनरावांची सही आहे, ते सोबत आहे. तुमच्या जागी सुरेखाताईचं नाव घाला. सभेला तिला पुढं बसवा, मागं बायकांत नाही. मोहनकाका विचारतील पोरगा गेला काय, तर सांगा की जिवंत आहे, किलकेनीला झुडपं तोडतो.

याचा अर्थ मी समजून आहे. उद्या परत आलो तर मला ताईच्या होडीत हजेरीवर, म्हणजे रोजंदारीनं, बसावं लागेल. ताई, हजेरी ठरलेली दे, बहीण म्हणून कापू नकोस.

अप्पा, तुम्ही रागावणार. मॉरीनबाईंचा हिशोब तुम्हाला लागू केला तर गणपतीला बोलणार नाही, दिवाळीला बोलाल. मी दिवाळीला फोन करतो. निम्मं ऐकू आलं तरी चालेल.

माझ्यावरची माया तशीच चालू ठेवा, वाढवता आली तर बघा.

तुमचा
आशिष

ता. क. या वेळचे पैसे अप्पांच्या खात्यावर नाहीत. सभासदाचा भाग (शेअर), प्रवेश फी आणि नवं जाळं, असे सगळे मिळून सुरेखा मोहिते यांच्या स्वतःच्या नावावर टाकले आहेत, रुपये अठरा हजार पाचशे.