वरच्या खुणेच्या वर

६ जानेवारी, मंगळवार

गाडीतलं ऑइल वाढलंय! ऑइल मोजायची काडी पुसून दोनदा बुडवली – वरच्या खुणेच्याही बोटभर वर. आधी बरंच वाटलं. या घरात काहीतरी कमी न होता वाढतंय. मग काडी नाकाशी नेली. पेट्रोलचा वास.

आईचंही वजन आज वर. डायलिसिसच्या आधी तिला काट्यावर उभं करतात, तेव्हा ती माझ्याकडे बघते, चोरून पाणी प्यायलेल्या पोरासारखी. प्यायलेलीच असते. वाढलं की वाईट – दोघींचंही. कसली तुलना करतेय मी!

७ जानेवारी, बुधवार

ऑफिसला जाताना मेकॅनिककडे. काडी बघून हसला. "ताई, वाघ पाळलाय आणि गवत घालताय!"

त्याने सांगितलं ते असं: या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, प्रचंड दाबाने. इंजिन गार असलं की त्यातलं थोडं आतल्या भिंतींना चिकटतं आणि ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. गाडी लांब गेली, ऑइल चांगलं तापलं, की ते पेट्रोल उडून जातं. माझी गाडी जाते कुठे? घर, ऑफिस, हॉस्पिटल. तापायच्या आत बंद.

"आणि ऑइल पातळ झालं तर?"

"टर्बो कामातून जातो, इंजिनात हवा कोंबणारा पंखा. जळक्या धुराच्या झोतावर फिरतो तो, तापून लाल होतो. त्याच्या दांड्याला आधार या ऑइलचा, गारवाही याचाच. यातच दम नसेल तर तो बिचारा काय करणार?"

ऑइल बदलून दिलं. "पण हे औषध नाही हां, ताई. आठवड्यातून एकदा लांब न्या. तासभर पळू द्या."

तासभर! ऑफिसच्या वेळेत आईजवळ शेजारच्या काकू बसतात; मी दारात आले की त्या चपला घालतात. डायलिसिस चालू असताना नातेवाइकाने बाहेरच्या बाकावरच थांबायचं, असा नियम. माझ्या आठवड्यात हा तास कुठे कोंबू?

९ जानेवारी, शुक्रवार

आईने आज डॉक्टरांना सरळ विचारलं, "हे बंद केलं तर?"

ते माझ्याकडे बघत म्हणाले, "आठ-दहा दिवस. फार तर दोन आठवडे."

"दुखतं का हो?"

"आम्ही दुखू देणार नाही."

"मग ठीक," आई म्हणाली. भाजीचा भाव पटल्यासारखी!

दादाला फोन केला. "वेड लागलंय का तुला? तिला असलं बोलूच देऊ नकोस. गाडी कशी चालतेय?" गाडी त्यानेच घेऊन दिलीय, आईला नेताना हाल नकोत म्हणून. लांब बसून त्याला जे करता येतं, ते तो करतो. तरी मला राग येतो. माझं चुकतंय का? चुकत असेल.

१० जानेवारी, शनिवार

तिला जगवतेय, की मला एकटं राहायची भीती वाटते? हे वाक्य दोनदा खोडलं. राहू दे.

१३ जानेवारी, मंगळवार

आज बाकावरून उठले. कुणाला न सांगता गाडी काढली आणि मोठ्या रस्त्याला लागले. पहिल्यांदाच ॲक्सिलरेटर नीट दाबला. एका क्षणी गाडीने अशी काही उसळी घेतली की मी एकटीच मोठ्याने हसले! परत वळावंसं वाटेना. वळले.

आई पांढरीफटक. मधेच बीपी पडलं होतं. सिस्टर कडाडल्या, "आम्ही हाका मारत होतो तुम्हाला!" मी खाली मान घालून उभी. मी हसत होते तेव्हाच झालं असेल का?

आईने डोळे न उघडता विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"गाडी तापवायला."

ती हसली. एवढ्याशा ओठांनी, पण हसली. "मग मला का नाही नेलंस गं?"

१६ जानेवारी, शुक्रवार

डायलिसिस. घरी येऊन ओकली. काही लिहावंसं वाटत नाही.

१८ जानेवारी, रविवार

दुपारी तिचे पाय चेपत होते. तिने गाडीचं दुखणं नीट समजावून घेतलं – पेट्रोल, ऑइल, टर्बो, सगळं. म्हणाली, "म्हणजे बिचारी कधी पोटभर पळालीच नाही."

मग त्याच सुरात – "आता पुरे गं. मला नको ते मशीन. पण तू हो म्हणालीस तरच. तुला टाकून नाही जायची मी."

मी नाही म्हटलं. ओरडलेच. "परवा मुकाट्याने यायचं!"

"येते की," म्हणाली. पाय जवळ ओढून घेतले.

तिच्या पायांवर माझ्या बोटांचे खड्डे तसेच राहिले होते. किती वेळ भरून आले नाहीत.

२० जानेवारी, मंगळवार

हॉस्पिटलच्या वळणाआधीचा सिग्नल. इंडिकेटरची टिकटिक. आई कबूल केल्याप्रमाणे मुकाट्याने बसलेली, नजर समोरच्या लांब रस्त्यावर.

सिग्नल सुटला. मी इंडिकेटर बंद केला आणि सरळ निघाले.