आई, दार खरंच वाजत होतं

प्रिय आई,

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितोय. तू गेल्यापासून तुझ्या फोटोपुढं बोलायला जमत नाही. मागच्या सोमवारी सकाळी तुझ्या खोलीत तुझी लुगडी आवरत बसलो होतो आणि दार वाजलं. टक्! तू सांगायचीस अगदी तसंच.

उठून दार उघडलं. कुणी नाही. परत बसलो तर परत तोच आवाज, आणि या खेपेला कळलं की तो दाराकडून नाही, खिडकीकडून येतोय. पडदा ओढला. काचेला बाहेरून एक पीस चिकटलेलं. खाली पार्किंगच्या पत्र्यावर एक बुलबुल पडलेला, चोच उघडी. त्याच्या शेजारी आणखी दोन वाळून गेलेली पाखरं, आणि पिसंच पिसं. हातातलं लुगडं गळून पडलं गं माझ्या!

तू खरं सांगत होतीस, आई!

गावाकडनं, गडमुडशिंगीहून तुला इथं नव्या घरात आणलं, मोतीबिंदू काढला. उजेड सोसत नव्हता म्हणून त्या खिडकीचा पडदा कायम बंद. सकाळ झाली की खाटेवरून तुझं सुरू, "संभा, बघ की रं, कोणतर आलंय. पावणं दारात उभं हाय." तुझी सून सविता सुरुवातीला चार-दोनदा पळत गेली बिचारी. मग तीही स्वयंपाकघरातूनच म्हणायला लागली, "आत्या, कोण बी न्हाय." आणि मी? मी तर तुझ्यावर ओरडायचो. "आई, डोकं खाऊ नको, दुकानाला उशीर होतोय!"

एकदा तू रडलीस. आठवतंय? "माझ्या घरातनं च्या न घेता कोण गेलं न्हाय, आन् तुम्ही दारातनं माणसं परत लावतायसा व्हय रं?" आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो. हसलो की गं! लिहितानाही लाज वाटते.

डॉक्टरांना मीच सांगितलं, आईला भास होतात. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, नव्या घरात आल्यापासून. तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही! त्यांनी गोळी दिली आणि तुझी हाक थांबली. शेवटचा महिना तू गुंगीतच काढलास. मला वाटलं, बरं झालं, शांत झाली. एक दिवस तासभर तुझ्याजवळ बसून ऐकावं, एवढं कसं सुचलं नाही मला?

आणि काच कुणी लावली? मीच. खिडक्या बसवायचा धंदा, म्हणून स्वतःच्या घराला सगळ्यात भारी काच घातली, बाहेरून आरशासारखी चमकणारी. समोरच्या बंगल्यातल्या बाई शाळेत शास्त्र शिकवायच्या. त्यांना बुलबुल दाखवला तर म्हणाल्या, "अहो, माझं चिंचेचं झाड तुमच्या काचेत दिसतंय. पाखराला ते खरंच वाटतं, जातं बसायला." त्यात भर म्हणून मी भिंतीवर लावलेले फोकसचे दिवे. रात्री उडणारी पाखरं त्या उजेडानं वाट चुकून इकडं ओढली जातात, म्हणाल्या. इतकी वर्षं काच कापतोय मी, पण हे कधी मनातसुद्धा आलं नाही.

बाईंनी सांगितलेला उपाय ऐकशील तर तूच हसशील. काचेवर बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपके, म्हणजे पाखराला काच दिसते. आतून मारून उपयोग नाही, बाहेरची चमक तशीच राहते. मी परांचीवर, आणि खालून सविता, "वाकडं जातंय ओ! माझी रांगोळी बरी!" फोकसही उतरवले. तेव्हापासून आवाज नाही. दोन दिवसांचं काम होतं.

मग तीच काच बसवलेल्या गिऱ्हाईकांकडं हे सांगायला निघालो. पहिल्याच घरी मालक म्हणाला, "काय राव, एवढी भारी काच घातली ती ठिपकं मारायला व्हय? भास झाला असंल तुमास्नी." भास! डॉक्टरांना मी सांगितलेला तोच शब्द. दुसऱ्या घरी सून म्हणाली, "आमच्यात न्हाय बा कसला आवाज. आमचं नाना म्हणत्यात तेवढं, कोणतर खिडकीवर खडं मारतंय म्हणून. पण त्यांचं काय, वय झालंय."

 विचारून आत गेलो. नाना, तिचे सासरे, खुर्चीत तोंड फिरवून बसलेले. मी त्यांच्या पायाशी बसलो. म्हटलं, "नाना, तुमचं खरं हाय. पाखरं धडकत्यात. काच मी बसवलीया." त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं. मग सुनेकडं बघून घर दणाणेल असे ओरडले, "ऐकलंस न्हवं गं? म्या येडा न्हाय!" आणि माझा हात धरून लहान पोरासारखे रडायला लागले. मीही रडलो. जे तुझ्याजवळ बसून बोलायचं होतं, ते मी परक्या माणसाला सांगत होतो.

तुझी माफी कशी मागू, कळत नाही. एवढा शब्द देतो. काच बसवलेलं एकही घर सोडणार नाही. कुणी हसो नाहीतर हाकलून देवो, परत जाईन, ठिपके माझ्या हातानं मारून देईन. आणि प्रत्येक घरात आधी विचारीन, दिवसभर घरात कोण असतं? त्यांच्याजवळ बसेन, त्यांचं सगळं ऐकेन, मगच खिडकीकडं बघेन.

तुझं न ऐकलेला,
संभा