गन बसत नाही म्हणजे काय

१२ जुलै, शनिवार
आजपासून राग बंद. ठराव पक्का.
कारण लिहून ठेवतो. तीन वर्षांपूर्वी नागपंचमीला भर जेवणात मी दाजींच्या थोबाडीत मारली. विषय काय, तर आमच्या मिक्सरची पिन. विश्वजितदाजी वायरमन, त्यांना वाटतं वीज त्यांच्याच घरची. दमयंतीअक्का भरलं ताट सोडून नवऱ्यामागं गेवराईला गेली, ती परत माहेरी आलीच नाही. परवा फोनवर म्हणाली की श्रीनिवास स्वतः मुराळी म्हणून न्यायला आला, तर या पंचमीला येईन.
जाणार. एसटीनं नाय, इलेक्ट्रिक कारनं. आजच पडेगावहून आणली. सेकंडहँड, आधी टॅक्सीत होती, पण लई झकास. विकणारा राजकुमार म्हणतो एका चार्जिंगमध्ये एकशे चाळीस किलोमीटर. गेवराई नव्वद. विषय संपला. तो चार्जिंगच्या पोर्टचं काहीतरी सांगत होता. मी म्हणालो, बावीस वर्षं औरंगपुऱ्यात हार्डवेअरचं दुकान चालवतोय, मला भोक आणि पिन शिकवू नको.

१३ जुलै
घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर नऊ तास. एवढ्यात म्हैस व्याली असती. फास्ट चार्जरवर दीड तासात होतं म्हणे.

१४ जुलै, संध्या. ७
जालना रोडच्या फास्ट चार्जरवर गेलो. केबलच्या टोकाची गन गाडीत बसेना. गाडीचं तोंड नुसतं गोल. गनला वर गोल आणि खाली दोन जाड नळ्या. जोर लावला. खांदा लावला. मग लाथ घातली. मशीनला काही झालं नाही, माझ्या अंगठ्याचं नख गेलं.
वॉचमननं कॉलर धरली. म्हणाला, तुमचा पोर्ट जुना, जीबी/टी. ही गन सीसीएस टू. दोन्ही एकमेकांत जात नाहीत. आता वॉचमनही शिकवणार. त्याच्या गळ्यातली शिट्टी तोडून फेकली.
ठराव मोडलेला नाही. शिट्टी माणसात धरत नाहीत.

१९ जुलै, शनिवार
दाजींचा फोन, तीन वर्षांत पहिला. रूपाच्या मोबाइलवर, कारण त्यांचा नंबर मी ब्लॉक केलेला. गोडीगोडीनं विचारतात, श्रीनिवासराव, पोर्ट कोणता? जीबी/टी असला तर वाटेत चार्जिंग मिळायचं नाही, तुम्ही एसटीनं या, तुमच्या अक्काला तुम्ही आलात म्हणजे झालं.
फोन भिंतीवर मारला, नुसती काच गेली. रूपा बायको असून बोलायची बंद झाली. घरात शांतता आहे, चांगलंच आहे.
दुपारी राजकुमारकडं अडॅप्टर मागितला. म्हणाला, भरवशाचा मिळत नाही, बसा, चहा घ्या. त्याचं टेबल उलटं केलं. मी चहा घेत नाही हे त्याला माहीत असायला हवं होतं.

२३ जुलै
टेस्ट घेतली. एसी बंद ठेवून ऐंशी किलोमीटर. रस्ता खराब, त्यामुळं. काळजी नाही. पाचोड पंचावन्नवर, तिथल्या हॉटेलला फास्ट चार्जर आहे. डिकीत कानस आणि दोन किलोची हातोडी टाकली. बावीस वर्षांत माझ्या हातोडीपुढं नमला नाही असा एक नट दाखवा.

२७ जुलै, रविवार
सकाळी ७.१०. निघालो. नवा शर्ट. शेजारच्या सीटवर अक्काची साडी. मन एकदम शांत.
९.००. पाचोड. तेवीस टक्के.
९.१०. बसेना.
९.३०. गनच्या खालच्या नळ्या कानशीनं घासतोय. हॉटेलवाला धावून आला. ढकलला. भज्याच्या पिठात बसला.
९.४५. हातोडी. तीन घाव. गाडीच्या पोर्टचं झाकण उडालं, गन फुटली. गिऱ्हाईकं व्हिडिओ काढतायत. एकाचा मोबाइल नाल्यात.
१०.००. अक्काला फोन केला, पाचोडला आहे, जरा उशीर होईल. तिनं आवाजावरून ओळखलं.

२८ जुलै
कालचं पुरं लिहितो. डाव्या हातानं, त्यामुळं अक्षर असं.
साडेअकराला दाजी मोटारसायकलवर आले. मागं अक्का, मांडीवर माहेरी न्यायची भरलेली पिशवी. दाजींनी मशीन बघितलं, गाडी बघितली आणि हसले. नक्की हसले का, ते आता सांगता येत नाही. मला तसं दिसलं. ठोसा दिला, नाकावर बसला. रक्त आलं. त्यांनी नाक पुसलं आणि डिकीतली साधी केबल काढायला वाकले. माझा दुसरा ठोसा त्यांच्यावरून मशीनच्या लोखंडी खांबावर. दोन हाडं मोडली.
दाजींनी एका हातानं नाक धरून हॉटेलच्या पंधरा अँपिअरला गाडी लावली. साध्या चार्जिंगचं तोंड वेगळं, ते शाबूत होतं. हॉटेलवाल्याला माझ्या वतीनं हात जोडले. म्हणाले, चला, डॉक्टरला हात दाखवून येऊ. मी नको म्हणालो.
अक्कानं पिशवीतून लाह्यांचा डबा काढला, रूपासाठी म्हणून बॉनेटवर ठेवला आणि पुन्हा मोटारसायकलवर बसली. दाजी तिला थांब म्हणत होते. ती नाही म्हणाली. गेवराईकडं गेले.
सात तास तिथंच बसून होतो. साडी सीटवर तशीच. लई वाईट वाटलं. सरकारनं एकच पोर्ट ठेवायला पाहिजे.

२९ जुलै, मंगळवार
नागपंचमी. रूपानं अक्काचं ताट वाढलं होतं. दुपारपर्यंत ते तसंच राहिलं, मग तिनं झाकून ठेवलं.
चारला दाजींचा फोन. रूपानं घेतला. हाताला ठणका आहे का विचारत होते. आणि गाडीचं फुटलेलं तोंड पावसात उघडं ठेवू नका, प्लॅस्टिकची पिशवी बांधा. अक्का जवळ आहे का, एवढं मला विचारायचं होतं. रूपानं फोन पुढं केला. मी घेतला नाही.
पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, ठोकायचं नाही. सगळं पाळलं. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. आज दिवसभर कुणावर हात उचलला नाही.