चार नंबरचा फीडर

प्रिय आई,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी "ऐक ना" म्हणायच्या आत तुझं शेजारपुराण सुरू होतं, आणि बोलता बोलता तुला धाप लागली की घाबरून मीच फोन ठेवून देते. म्हणून पत्र. धाकटीकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच. चष्मा नेहमीप्रमाणे सापडणार नाही, फ्रीजवर बघ.

आधी मशीनचं. जाळी धुतलीस का? ऑक्सिजनचं मशीन घरी येऊन चार महिने झाले आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नळी दहा मिनिटांच्या वर काढायची नाही. वीज गेली तर वापरायला म्हणून दिलेला सिलिंडर मात्र स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडून आहे. तू त्यावर टॉवेल वाळत घालतेस, हेही मला कळलंय. एकदा लावून बघितला तेव्हा त्याच्या सूं सूं आवाजानेच तुझा जीव वरखाली झाला आणि तू नळी उपटून टाकलीस. तेव्हापासून तो बॉम्ब आणि मी तो घरात आणणारी मूर्ख मुलगी.

त्याची गरजच काय, असं तू म्हणतेस. आमच्या गल्लीत दुपारची वीज जातच नाही, थोरलीचा हात आहे ना स्विचवर, असं तू जिन्यात उभी राहून सगळ्यांना ऐकवतेस. खालच्या शिंपीकाकांनी उपकार मानत माझ्यापुढे हातसुद्धा जोडले. आई, मला त्या दिवशी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मी नेमकं काय करते ते तू कधी विचारलं नाहीस, आज सांगते. आमच्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर बारा स्विच आहेत. एकेक स्विच म्हणजे एकेक फीडर, गावाच्या एकेका भागाला वीज नेणारी मोठी लाइन. वीज कमी पडली की वरून फोन येतो, इतका भार उतरवा, आणि मग तक्त्यात ज्याची वेळ असेल तो फीडर एक तास बंद करायचा. आठवड्यातून एकदा प्रत्येकावर ही वेळ येते. आपलं घर चार नंबरवर आहे. आपली वेळ गुरुवारी दुपारी दोन ते तीन.

हा तक्ता काही माझ्या साहेबांच्या डोक्यातून निघालेला नाही. गिरणीवाल्यांची छोटी छोटी वीजघरं सरकारने ताब्यात घेऊन कंपनी काढली तेव्हा बाबा खांब उभे करायला लागले, हे तुला माहीतच आहे. त्या पहिल्या वर्षांत बड्या लोकांच्या बंगल्यांची वीज कधी जायची नाही. शेवटी लोकांनी ऑफिसच्या काचा फोडल्या. मग तक्ता झाला आणि सगळ्यांना दिसेल असा फाटकावर लावला गेला, तो आजही तिथेच आहे. बाबांना त्या तक्त्याचा केवढा अभिमान! आणि तुला केवढा राग! धाकटी व्हायच्या वेळी तू त्या बिनखिडकीच्या खोलीत कळा देत होतीस आणि तोवर कंट्रोल रूममध्ये आलेल्या बाबांनी आपल्याच भागाची वीज वेळेवर बंद केली. सुईणीने मेणबत्ती धरली. एक तास थांबले असते तर काय बिघडलं असतं, असं तू ते असेपर्यंत म्हणत राहिलीस. मी ते ऐकत मोठी झाले. आपण असं वागायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

म्हणून चार महिने चार नंबर गेला नाही. दर गुरुवारी मी मुद्दाम दुपारची ड्युटी घेतली, आणि आपल्या जागी कधी सहा बंद केला, कधी नऊ. लॉगबुकात माझ्या अक्षरात लिहिलं, बिघाड. साहेबांनी खाली सही केली. त्यांना कळत होतं, पण तेही बाबांच्या हाताखाली शिकलेले, तुझ्या हातचं जेवलेले.

तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी मी सात नंबर बंद केला. वीस मिनिटांनी फोन आला, भार कमी झालाय, हवं तर सुरू करा. अशा वेळी आम्ही करत नाही. गेली की तासभर गेली, हे लोकांनी धरलेलं असतं. पण आई, मला लाज वाटत होती. दुसऱ्याचा तास चोरलाय, निदान चाळीस मिनिटं तरी परत करावीत, असं वाटलं. मी स्विच वर केला आणि बरं वाटून पाणी प्यायले.

सात नंबरवर एक लाकडाची वखार आहे. तिथला कामगार, वीज गेली तशी, तासभर निवांत आहे असं समजून करवतीत अडकलेला भुसा काढत बसला होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीत त्याचीच चूक ठरते आहे, मशीनचं बटण बंद न करता हात का घातला म्हणून. मी त्याला बघायला गेले. कंपनीतली आहे एवढंच सांगितलं. त्याची बायको पलंगाशी उभी होती. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, आमची तर शुक्रवारी जाते ना? मग गुरुवारी कशी गेली?"

आज सकाळी मी चौकशी समितीला सगळं लिहून दिलं, सोळाही गुरुवार, तारखांसकट. साहेबांना त्यातून वगळता आलं नाही, सही त्यांची होती. नोकरीचं काय होईल ते होईल. हुकूम येईपर्यंत मी ड्युटीवर आहे, या गुरुवारीही. रजा घे, दुसरं कोणी करेल, असं धाकटी म्हणाली. दुसऱ्याच्या हातून करून घेऊन मी नामानिराळी राहू का? मला भीती वाटते, आई. तू चिडशील याची वाटते, आणि तू पुन्हा नळी उपटशील याची त्याहून जास्त. म्हणून हे पत्र. धाकटीने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आहे, ती एकला येईल. सिलिंडर भरलेला आहे, मी स्वतः तपासलाय, चार तास पुरतो. चावी डावीकडे, हळू फिरवायची. आवाज होईल, तो होणारच, त्याला भ्यायचं नाही. दीडला मी फोन करेन, त्यानंतर तीनपर्यंत मला फोन करता येणार नाही. दोनला पाच मिनिटं कमी असताना नळी सिलिंडरला लाव आणि धाकटीचा हात धरून बस. बरोबर दोन वाजता मी चार नंबर बंद करणार आहे.

तुझीच,
थोरली